कॅल्शियम ११.३ आणि काम सॉल्व्हंटवर: लिव्हरचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणारी, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी विचारते: बाबा ५३ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत सॉल्व्हंट रिकव्हरीवर (वापरलेले द्रावक उकळून पुन्हा शुद्ध करायचं काम) १८ वर्षं काम करतात. यंदाच्या तपासणीत रक्तातलं कॅल्शियम ११.३ (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम), लिव्हरला इजा झाली की चढणारे एसजीपीटी ९४ आणि एसजीओटी ६१, अल्ब्युमिन ४.३, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३ आलं. पुस्तकात तिने वाचलंय की विषारी द्रावकांमुळे लिव्हरची पेशी मरते तेव्हा शेवटचा घाव कॅल्शियमचा असतो. उलट प्लांटमधले एक जुने सुपरवायझर म्हणतात, ‘पूर्वी टेट्रा (कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रावक) पोटात गेला की डॉक्टर कॅल्शियमच द्यायचे, त्याने लिव्हर वाचतं.’ मग बाबांचं वाढलेलं कॅल्शियम लिव्हरला मारतंय की सांभाळतंय? आणि गुडघ्यांसाठी चालू असलेली कॅल्शियमची गोळी बंद करायची का?

गोळीचं आधी सांगतो. कॅल्शियमची गोळी आणि त्याबरोबर व्हिटॅमिन ‘डी’ची पाकिटं चालू असतील तर तीही, आजपासून थांबवा. पण कारण लिव्हर नाही. ११.३ हा आकडा बाबांच्या लिव्हरला मारत नाहीये आणि सांभाळतही नाहीये. तुझ्या पुस्तकातलं कॅल्शियम आणि बाबांच्या रिपोर्टमधलं कॅल्शियम यांचं नाव एक असलं, तरी ते राहतात वेगवेगळ्या घरांत. वाढलेलं रक्तातलं कॅल्शियम त्रास देतं ते दुसऱ्या बाजूने, मुख्यतः किडनीच्या, आणि सॉल्व्हंटवर काम करणाऱ्या माणसाला नेमका तोच त्रास परवडत नाही.

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या कारखान्यांत फॅक्टरी मेडिकल ऑफिसर म्हणून मी २७ वर्षं काढली. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, मधली काही वर्षं तळोज्यालाही. हा प्रश्न मला याआधी फार्मसीच्या मुलांनी विचारलाय, एका प्लांट मॅनेजरने विचारलाय, आणि एकदा एका फिजिशियननेही. त्यामुळे जरा खोलात जातो. तू फार्मसीची आहेस, झेपेल.

तू ऐरोलीची, म्हणजे धारण तलाव तुझ्या बघण्यातले असणार. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाला झडपा बसवल्या. भरती आली की झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही. शहरातलं पावसाचं पाणी तेवढा वेळ तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. लिव्हरची पेशी जवळजवळ अशीच जगते. बाहेर, म्हणजे रक्तात, मोकळं आयनिक कॅल्शियम लिटरमागे साधारण १.२ मिलिमोल असतं. पेशीच्या आतल्या द्रवात ते असतं सुमारे ०.०००१ मिलिमोल. बारा हजार पटींचा फरक! हा फरक टिकवायला पेशी चोवीस तास एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून पंप चालवते. एक पंप बाहेरच्या पटलावर, तो कॅल्शियम बाहेर फेकतो. दुसरा आतल्या जाळीदार पटलावर, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, तो कॅल्शियम त्या जाळीत कोंडून ठेवतो. ही जाळी म्हणजे पेशीचा धारण तलाव. मायटोकॉन्ड्रियाही गरज पडली तर थोडं पोटात घेतात.

आता बाबांचं कॅल्शियम वाढलं म्हणजे काय झालं? खाडीची भरती थोडी उंच आली. मोकळं कॅल्शियम समज १.२ चं १.५ झालं. बारा हजार पटींचा फरक पंधरा हजार पटींवर गेला. झडपा आणि पंप धड असतील तर शहराला पत्ताही लागत नाही. आणि झडप तुटलीच असेल, तर साधी रोजची भरतीसुद्धा शहर बुडवायला पुरते, ती चार बोटं उंच असायची गरज नसते. नुसत्या वाढलेल्या कॅल्शियमने लिव्हरची पेशी मेली, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. लिव्हरच्या पेशीवर बाहेरचं कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर असतो, त्यामुळे तिला काहीच कळत नाही असंही मी म्हणणार नाही. पण कळणं वेगळं आणि मरणं वेगळं.

झडप तोडतो तो सॉल्व्हंट. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, आपल्या लोकांचा ‘टेट्रा’. गंमत अशी की टेट्रा स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमधलं सायटोक्रोम पी-४५० कुळातलं २ई१ हे एन्झाइम त्याचा एक क्लोरीन काढून घेतं आणि ट्रायक्लोरोमिथाइल नावाचा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतो. ऑक्सिजन मिळाला की त्याचा आणखी जहाल पेरॉक्सी मूलक होतो. हे मूलक शेजारच्या पटलातल्या चरबीवर तुटून पडतात, एक रेणू बिघडला की तो पुढचा बिघडवतो. म्हणजे विष लिव्हरनेच घरात शिजवलेलं असतं, आणि ते शिजतं नेमकं त्या जाळीदार पटलावर जिथे दुसरा कॅल्शियम पंप बसलेला आहे. म्हणून पहिला बळी तो पंप. १९७६ साली उंदरांवर दाखवलं गेलं की टेट्रा दिल्यानंतर अर्ध्या तासातच या जाळीची कॅल्शियम ओढून घ्यायची ताकद ढासळते. एसजीपीटी चढायला तेव्हा अजून बराच अवकाश असतो. खाडीचं पाणी आत यायच्या आधी धारण तलावच गावात फुटतो, असं म्हण.

त्यानंतरचं तुझ्या पुस्तकात असेलच. पेशीद्रवात कॅल्शियम चढलं की एकेक एन्झाइम चेकाळतं: फॉस्फोलायपेज पटलं पोखरतं, कॅल्पेन प्रथिनं कातरतं, एंडोन्यूक्लिएज डीएनए तोडतं. मायटोकॉन्ड्रिया मदतीला म्हणून कॅल्शियम गिळतात आणि त्याच ओझ्याने त्यांच्या पटलाला भोक पडतं. एटीपी संपतं. एटीपी संपलं की उरलेले पंपही बंद, आणि मग बाहेरचं कॅल्शियम खरोखर आत लोटतं.

या शेवटच्या लोंढ्यावरून शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. मला तो वाद आवडतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. १९७९ मध्ये शॅन, केन, यंग आणि फार्बर यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की उंदराच्या लिव्हरच्या पेशी दहा वेगवेगळ्या विषांत ठेवल्या, तर बाहेर कॅल्शियम असतानाच त्या मरतात आणि ते काढून घेतलं की वाचतात. म्हणजे विष कुठलंही असो, मरणाची शेवटची वाट एकच, बाहेरून आत येणारं कॅल्शियम. तुझ्या पुस्तकातलं वाक्य बहुधा इथूनच झिरपत आलंय. पण दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच ‘सायन्स’मध्ये स्मिथ, थोर आणि ऑरेनियस यांनी नेमकं उलट दाखवलं. ताज्या सुट्या केलेल्या पेशींवर टेट्रा, ब्रोमोबेंझिन वगैरे टाकलं, तर बाहेर कॅल्शियम नसताना पेशी जास्त मरत होत्या! पुढे बऱ्याच कामानंतर चित्र साधारण असं झालं की घात सुरू होतो तो आतल्या कॅल्शियमची घडी विस्कटल्याने, बाहेरून येणारा लोंढा बहुतेक वेळा नंतरचा असतो, आणि बाहेरचं कॅल्शियम पार काढून टाकणं हेसुद्धा पेशीला बाधतं, कारण शेजारच्या पेशींशी असलेले तिचे सांधे कॅल्शियमवरच टिकतात. लिव्हर वाचवायला रक्तातलं कॅल्शियम कमी करा, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

आता सुपरवायझर काकांचं. त्यांना हसू नकोस, ते चुकीचं सांगत नाहीयेत. अर्धंच सांगताहेत. १९२१ मध्ये मॉरिस हॉल या अमेरिकन पशुवैद्यकीय संशोधकाने टेट्रा हे हुकवर्म या आतड्यातल्या जंतावरचं औषध म्हणून पुढे आणलं. आज अंगावर काटा येतो, पण त्या काळात हजारो माणसांना टेट्रा पोटात दिला गेला. बहुतेकांना काही झालं नाही, काही थोडे मात्र भयंकर आजारी पडले. का, हे शोधताना लॅमसन, मिनो आणि रॉबिन्स यांनी कुत्र्यांवर काम केलं आणि १९२८ मध्ये मांडलं की ज्यांच्या अंगात कॅल्शियमची तूट आहे त्यांना टेट्रा जास्त बाधतो आणि कॅल्शियम दिलं की लक्षणं निवळतात. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांचे हाल व्हायचे, कॅल्शियम भरपूर मिळालेली तगायची. त्यावरून डॉक्टर कॅल्शियम देऊ लागले आणि ती सवय बरीच वर्षं टिकली. काकांनी ऐकलेलं ते हेच.

पण नीट बघ, तिथे तूट भरून काढली होती. तूट भरणं आणि भरलेल्या माठात आणखी ओतणं यात फरक आहे. मिठाशिवाय आमटी घशाखाली उतरत नाही, म्हणून दुप्पट मीठ घातल्याने ती दुप्पट चवदार होत नाही. १९७६ मध्ये रिक्सन आणि व्हिटफील्ड यांनी केलेलं कामही याच बाजूचं. उंदराच्या लिव्हरचा मोठा तुकडा काढला की उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं, पण गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढल्या आणि कॅल्शियम खाली गेलं की ही वाढ रखडते. म्हणजे लिव्हरला भरून यायला पुरेसं कॅल्शियम लागतं. पुरेसं म्हणजे ८.५ ते १०.५ च्या आतलं. ११.३ ने लिव्हर जास्त वेगाने भरून येईल, असं मानायला आधार नाही.

एवढं झाल्यावर कोणीही विचारेल, मग गोळी थांबवायची कशाला?

कारण किडनी. रक्तात कॅल्शियम चढलं की किडनीची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. लघवी जास्त होते, तहान लागते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी कॅल्शियम बाहेर टाकत नाही, मग ते आणखी चढतं. आता बाबांची जागा डोळ्यासमोर आण. सॉल्व्हंट रिकव्हरी म्हणजे उकळतं कॉलम, मे महिन्याचं ऊन, घामाच्या धारा, आणि लघवीला जायला नको म्हणून पाणी कमी पिणारा माणूस (शिफ्टमधले निम्मे लोक हेच करतात, कितीही बोर्ड लावा). क्रिएटिनिन १.३ आहे. फार नाही, पण ५३ वर्षांच्या साध्या बांध्याच्या माणसाला ते जरा वरच. मुद्दा असा की टेट्रा किंवा क्लोरोफॉर्मसारखा क्लोरीनवाला सॉल्व्हंट एखाद्या दिवशी जास्त अंगात गेला, तर तो लिव्हरबरोबर किडनीलाही झोडपतो. टेट्राच्या जुन्या विषबाधांत बरीच माणसं लिव्हरने नाही, किडनी बंद पडून दगावली आहेत. ज्याची किडनी आधीच कॅल्शियमने कोरडी केलीय, त्याच्यापाशी अशा वेळी शिल्लक काय राहणार?

दुसरी बाजू हृदयाची. क्लोरीनवाले बरेच सॉल्व्हंट हृदयाला अॅड्रेनलिनबाबत हळवं करतात. म्हणून वाफ लागलेल्या माणसाला पळवू नये, घाबरवू नये. वाढलेलं कॅल्शियम ईसीजीमधलं क्यूटी नावाचं अंतर आखडतं. ११.३ ला हे विशेष जाणवणार नाही, १३–१४ ला जाणवेल. तिसरी गोष्ट गोंधळाची. कॅल्शियम वाढलं की भूक मरते, मळमळतं, बद्धकोष्ठता होते, माणूस सुस्त पडतो. सॉल्व्हंट लागल्यावरही हेच होतं, आणि कावीळ सुरू होतानाही. घरचे, कारखान्याचे आणि डॉक्टर सगळेच मग चुकीच्या दिशेने धावतात.

अशी धाव मीही घेतलीय. पंधराएक वर्षांपूर्वी महाप्याचा एक ऑपरेटर मळमळ आणि अशक्तपणा घेऊन आला. एसजीपीटी थोडं वर. मी प्लांटमध्ये जाऊन हवा मोजायला लावली, त्याला पॅकिंगला हलवलं, मॅनेजमेंटशी वाद घातला. तीन आठवडे काही फरक नाही. मग त्याची बायको सहज बोलून गेली की कंबरदुखीसाठी ते दर आठवड्याला एक इंजेक्शन घेतात. ते होतं ६ लाख युनिटचं व्हिटॅमिन डी. अकरा झाली होती! कॅल्शियम १३.८. सॉल्व्हंटचा काडीचा संबंध नव्हता. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, त्यामुळे इंजेक्शनं थांबवूनही कॅल्शियम जागेवर यायला दोन महिने लागले. तेव्हापासून मी पहिला प्रश्न ‘प्लांटमध्ये काय वापरता’ हा विचारत नाही. ‘घरी काय काय घेता, पिशवी घेऊन या’ असं सांगतो.

म्हणून बाबांची पिशवी उघड. कॅल्शियमची गोळी आहेच. आठवड्याचं ६० हजार युनिटचं पाकीट आठ आठवड्यांसाठी लिहून दिलं जातं आणि लोक ते दोन दोन वर्षं घेत राहतात. तारखा बघ. ब्लड प्रेशरच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का? ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. ती मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचार. आम्लपित्तासाठी चघळायच्या गोळ्यांतही कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते कोणी औषधात धरत नाही.

आता आकडा खरा आहे का ते बघू. कॅल्शियमचा निम्म्याच्या जवळपास भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन ४ च्या वर-खाली गेलं की दर एककामागे ०.८ ची दुरुस्ती करतात. बाबांचं अल्ब्युमिन ४.३, म्हणजे ११.३ मधून ०.२४ वजा, आले ११.०६. तरीही वाढलेलंच. ही बेरीज-वजाबाकी क्षुल्लक वाटते, पण लिव्हरच्या रुग्णात तीच दगा देते, कारण अल्ब्युमिन बनवणारं लिव्हरच असतं. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटचं कॅल्शियम १०.२ बघून मी ‘नॉर्मल’ म्हणून पुढे गेलो होतो. अल्ब्युमिन होतं २.६. दुरुस्ती केली तर कॅल्शियम ११.३ भरत होतं, तुझ्या बाबांच्या दुरुस्त आकड्यापेक्षाही जरा वर. माझ्या लक्षात आलं ते दोन महिन्यांनी. त्याला मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर, होता. ही चूक मी विसरलेलो नाही.

तर बाबांची तपासणी पुन्हा कर, उपाशीपोटी, भरपूर पाणी पिऊन. रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नकोस, त्यानेही आकडा फुगतो. सोबत पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी, क्रिएटिनिन, एकूण प्रथिनं करून घे, आणि जमलं तर आयनिक कॅल्शियम. कॅल्शियम वर असताना पीटीएचही वर, किंवा नुसतं ‘नॉर्मल’ जरी आलं, तरी पॅराथायरॉइड ग्रंथीकडे बोट जातं. पीटीएच दबलेलं असेल तर औषधं, टीबीसारखे आजार, मायलोमा आणि कॅन्सर यांचा विचार करावा लागतो. घाबरवायला सांगत नाही. बाहेर सहज केलेल्या तपासणीत सापडलेल्या अशा हलक्या वाढीमागे बहुतेकदा पॅराथायरॉइड किंवा औषधांची पिशवी असते. अल्कलाइन फॉस्फेटेजबरोबर जीजीटी का, हे तुला परीक्षेतही विचारतील: फॉस्फेटेज लिव्हरप्रमाणे हाडातूनही येतं, जीजीटी हाडातून येत नाही.

आता लिव्हर. ९४ आणि ६१ हे आकडे सॉल्व्हंटच्या मोठ्या घावाचे नाहीत. टेट्राचा घाव बसला की एसजीपीटी एक-दोन दिवसांत हजारांत जातं. ९४ हा मंद, धुमसणारा आकडा आहे, आणि आपल्याकडे अशा आकड्यामागे सर्वात जास्त वेळा असते ती फॅटी लिव्हर. पोटाचा घेर मोज, साखर बघ, हिपॅटायटिस बी आणि सी एकदा करून घे. दारूचं बाबांना मी विचारलं तर खरं सांगतील, तू विचारलंस तर नाही. ते काम आईवर सोड.

तरीही सॉल्व्हंटला लगेच निर्दोष सोडू नकोस. रिकव्हरीत नेमकं काय येतं ते ड्रमवरच्या लेबलवरून लिहून आण. ‘मिक्स सॉल्व्हंट’ हे उत्तर मी कधी मान्य केलेलं नाही. टेट्रा सॉल्व्हंट म्हणून वापरणं माँट्रियल कराराखाली आपल्याकडे २०१० पासून बंद आहे, फक्त दुसरी रसायनं बनवायचा कच्चा माल म्हणून तो दिसतो. आज या पट्ट्यात माझी नजर असते डीएमएफवर, म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइडवर. ते कातडीतून आत जातं, हातमोजा चुकीचा असेल तर नाकावरच्या मास्कचा उपयोग नाही, आणि लिव्हरला हळूहळू चरचरत ठेवतं. त्याची एक खूण घरात कळते: डीएमएफवर काम करणाऱ्याने थोडी जरी दारू घेतली, तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते. कोणी पार्टीत ‘मला आता सोसत नाही’ म्हणायला लागला की मी त्याचा सेक्शन विचारतो. लघवीतल्या एन-मिथाइलफॉर्मामाइडची तपासणी करता येते. ती शिफ्टच्या शेवटी करायची.

ज्यांना निरुपद्रवी समजतात त्या अॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलबद्दलही एक सांगतो. ही दोन्ही २ई१ ला चेव आणतात, दारू आणते तशीच. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकरणाचा अहवाल आला होता: आयसोप्रोपिल अल्कोहोल भरायच्या कारखान्यात टेट्रा वापरला गेला, आणि लोक लिव्हर-किडनी धरून दवाखान्यात गेले. एकेकटं जे सोसलं असतं ते जोडीने सोसलं नाही. रिकव्हरीमध्ये तर सगळी जोडीनेच येतात. माणसामाणसांत फरक पाडणाऱ्या गोष्टींत या एन्झाइमचं वजन रक्तातल्या कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त आहे. चिंता करायचीच असेल तर इथे कर.

सॉल्व्हंट दोषी आहे का, हे ओळखायची माझी जुनी, स्वस्त पद्धत म्हणजे गणपतीची सुट्टी. आमचे निम्मे कामगार कोकणातले, दहा-पंधरा दिवस गावी जातात. एसजीपीटीचं अर्धं आयुष्य साधारण दोन दिवसांचं आहे, त्यामुळे मारा थांबला की दोन आठवड्यांत आकडा दिसण्यासारखा उतरतो. जायच्या आधी एकदा, परतल्यावर प्लांटमध्ये पाय ठेवायच्या आधी एकदा, आणि रुजू होऊन महिन्याने पुन्हा. उतरलं आणि परत चढलं, तर प्लांट बोलतोय. काहीच हललं नाही, तर पोटाचा घेर बोलतोय. (गावी जाऊन जे जास्त ‘बसतात’ त्यांच्यावर ही पद्धत चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.) बाबांना सुट्टी मिळत नसेल तर तेवढे दिवस दुसऱ्या सेक्शनला बदली मागा. त्या काळात कॅल्शियमही मोज: एसजीपीटी उतरलं आणि कॅल्शियम जागचं हललं नाही, तर दोन्ही प्रश्न वेगळे आहेत हे कागदावरच सिद्ध होईल. माझी पैज त्यावरच आहे.

आणि एखाद्या दिवशी खरोखर अपघात झाला, सॉल्व्हंट अंगावर सांडला किंवा वाफ लागली, तर कॅल्शियमचं इंजेक्शन हा त्यावर उतारा नाही. कपडे काढा, पाण्याने धुवा, मोकळ्या हवेत न्या, ऑक्सिजन द्या, उलटी करवू नका, आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या. सोबत ड्रमच्या लेबलचा फोटो हवाच. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटवर तिथे एन-अॅसिटिलसिस्टीन देतात, कारण ते लिव्हरचं ग्लुटाथायोन, म्हणजे विष निकामी करणारा साठा, भरून काढतं. बाबांचं कॅल्शियम आधीच वाढलेलं असतं आणि गोळ्या चालू असतात, हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. शिरेतून कॅल्शियम द्यायचा निर्णय त्या दिवशीच्या रक्ततपासणीवर आणि ईसीजीवर होतो, काकांच्या आठवणीवर नाही.

इथे एक अपवाद ठळक सांगतो, नाहीतर माझ्या उत्तराचा कोणी उलटा अर्थ काढेल. हायड्रोफ्लोरिक अॅसिड (एचएफ) कातडीवर सांडलं, तर पाण्याने धुऊन लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं, रक्तातलं कॅल्शियम कितीही असो. तिथे फ्लोराइड अंगातलं कॅल्शियम खाऊन टाकतं आणि माणूस त्याने जातो. प्लांटमध्ये एचएफ असेल तर ती ट्यूब प्रथमोपचाराच्या पेटीत आहे का आणि तिची तारीख गेली नाही ना, हे बाबांना उद्याच बघायला सांग.

कारखान्याच्या डॉक्टरांशी बोलायला बाबा कचरतील, नोकरीची भीती असते. त्यांना एवढं सांग की विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ ही कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करण्याच्या आजारांत लिहिलेली होती. अशा आजाराची शंका आली की कळवायची जबाबदारी डॉक्टरांवरही येते, एकट्या कामगाराने ओरडायचं असं नाही. बाबांना आज कावीळ नाही, त्यामुळे सध्या तिथवर जायची गरज नाही. पण १८ वर्षांचे सगळे वार्षिक रिपोर्ट मागून घ्या, ते मिळायला हवेत. एसजीपीटी आणि कॅल्शियम कोणत्या वर्षी चढलं, त्या वर्षी प्लांटमध्ये काय बदललं, घरी कोणती गोळी सुरू झाली, हे तीन रकाने करून मांड. पीटीएचचा रिपोर्ट आला की त्या कागदासकट मला पाठव. त्याआधी बाबांना रोज अडीच-तीन लिटर पाणी प्यायला लाव, रात्री दोनदा उठावं लागलं तरी चालेल.